कोथरूडच्या ओट्याचं रफ

बाई,

तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली आणि मी पत्र लिहायला आज बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लवकर सुचलं." कोथरूडच्या त्या ओट्याबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे. त्या स्वयंपाकघराचं जे रफ, पेन्सिलचं ते कच्चं चित्र, मी तुमच्या हातात दिलं होतं, ते खोटं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लिहिताना मला पळवाट राहणार नाही. पळवाटा शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार, आणि हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

तुमचं इंटिरिअर डिझाइनचं ऑफिस शनिवार पेठेत, पहिल्या मजल्यावर, खाली उदबत्त्यांचं दुकान. त्यामुळे आपल्या सगळ्या ड्रॉइंगांना चंदनाचा वास यायचा आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, ही फार सात्त्विक माणसं दिसतात. पॉलिटेक्निकमध्ये तुम्ही आम्हाला आठवड्यातून दोन दिवस शिकवायला यायचात. डिप्लोमा संपल्यावर वर्गातल्या मुलींमधून तुम्ही मलाच का बोलावलंत, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी खवचट उत्तर दिलं असतंत आणि मी ते दहा वर्षं मनाला लावून घेतलं असतं. पहिल्या दिवशी मी नवी कोरी स्टीलची टेप, दोन गुण्ये आणि दोन खोडरबर टेबलावर मांडून बसले होते. तुम्ही एकदा टेबलाकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे. "एवढं सगळं? किल्ला बांधायचाय का?" मग दोन्ही खोडरबर उचलून माझ्या पर्समध्ये परत टाकलेत. "हे घरी ने, कुणाच्या पोराला दे. इथे चुकलेली रेघ पुसत नाहीत. शेजारी दुसरी काढायची." माझे कान तापले होते. दुपारपर्यंत मी एकही रेघ काढली नाही, आणि दुपारी तुम्ही डब्यातली अर्धी थालीपीठं माझ्या डब्यात सरकवलीत, जणू सकाळी काही झालंच नव्हतं.

नव्वदीची मधली वर्षं ती. कोथरूडमध्ये रोज एक सोसायटी उभी राहत होती आणि प्रत्येक नव्या फ्लॅटमधल्या बाईला स्वयंपाकघरात ट्रॉल्या हव्या होत्या. दुसरे डिझाइनर मापं घ्यायचे, कॅटलॉग दाखवायचे आणि मोकळे व्हायचे. तुम्ही मात्र गिऱ्हाइकाच्या राहत्या घरी जायचात, फ्रिजशेजारी आपलं घडीचं स्टूल मांडायचात आणि सांगायचात, "आम्हाला चहा करा. आणि आम्ही इथे नाही असं समजा." घरातली माणसं गोंधळून जायची. "अहो, पण तुम्ही मापं घ्यायला आलात ना?" "घेतो की. भिंत कुठे पळून जाते आहे?" मग प्लायवूडच्या तुकड्यावर पाठकोरा कागद, हातात टू-बी पेन्सिल, आणि समोर कोणीतरी अवघडून चहा करतंय. पहिली दोन मिनिटं ती व्यक्ती आपल्याला विसरत नाही, तिसऱ्या मिनिटाला विसरते, आणि तुमची पेन्सिल तेव्हा चालायला लागते. ओट्याच्या दोन रेघा, त्याही वाकड्या. त्यावर हात कुठून कुठे गेला त्याची वळणं, वळण परत परत तिथेच गेलं तर त्याभोवती गोल. कोणालाही दाखवला तर गिचमिड वाटेल असा तो कागद. पण जिना उतरताना तुम्ही तो मला वाचून दाखवायचात. एका घरी साखरेचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर होता, त्या बाई स्टुलावर चढून साखर काढत होत्या. का, तर मुलगा लहानपणी बोटं घालायचा. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. "बघ," तुम्ही म्हणालात, "टेपने हे कळलं असतं का?" आणि तुमचा पहिला नियम तर मला अजून झोपेतसुद्धा म्हणता येईल. चहा म्हटल्यावर घरातलं कोण उठतं ते बघायचं. जो उठेल, ओटा त्याचा.

बुद्धपौर्णिमेला तुम्ही आमच्या घरी जेवायला आलात तो दिवस मला फार आठवतो. आम्ही येरवड्याला दोन खोल्यांत राहायचो. आईने पहाटेपासून घर धुऊन काढलं होतं, आणि तुम्ही खरंच याल यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास नव्हता. पेठेतली बाई आपल्याकडं जेवायला कशाला येते, असं ती दोनदा म्हणाली होती. तुम्ही आलात, चपला काढल्यात, बुद्धाच्या तसबिरीपुढे हात जोडलेत आणि थेट स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन जमिनीवर बसलात. "तुम्ही करा, मी नुसती बघते." आई स्टोपुढे बसून खीर ढवळत होती. लाजली, पदर सारखा केला, मग विसरली. तुम्ही पर्समधून कागद काढलात. आईच्या डाव्या हाताला मिठाची बरणी, उजव्या हाताला तिखटाचा डबा, मागे न बघता हात गेला की परात, पायाशी पाट. एकदासुद्धा ती उठली नाही. जेवताना तुम्ही दुसऱ्यांदा खीर मागून घेतलीत, आणि आईने वाटी भरताना माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघितलं ते मी कधी विसरणार नाही. निघताना तुम्ही तो कागद तिच्या हातात दिलात. "ह्या स्वयंपाकघरात एक वस्तू चुकीच्या जागी नाही. हे डिझाइन तुमचं आहे, मी नुसतं उतरवून घेतलंय." आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो कागद तिने फ्रेम करून घेतला. आता तो माझ्या घरी आहे. एवढं सगळं डोळ्यांनी बघून मी पुढे जे केलं ते केलं, म्हणून हे लिहिते आहे.

त्याच सुमाराला कॉम्प्युटर आले. मी संध्याकाळी एक क्लास लावला होता, तुम्हाला न सांगता. पडद्यावर स्वयंपाकघर उभं राहायचं, त्याला प्रकाश देता यायचा, ओट्यावर फळांची टोपली ठेवता यायची. एकही रेघ वाकडी नाही. मला त्या सरळपणाची भूल पडली. वर्गातल्या मैत्रिणी एकेक करून मोठ्या कंपन्यांत चिकटत होत्या, एसीत बसत होत्या, आणि मी परक्या घरांत लोक चहा कसा करतात ते बघत हिंडत होते. भावकीत कोणी विचारलं की पोरगी काय करते, तर वडील काहीतरी पुटपुटायचे. मला लाज वाटायची, बाई. तुमची नाही, त्या पाठकोऱ्या कागदांची. मग कॅम्पातल्या एका कंपनीत मी अर्ज टाकला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. कॉम्प्युटरवर केलेलं एखादं पूर्ण काम घेऊन या, असं त्यांनी लिहिलं होतं.

तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलं. कोथरूडचं काम नुकतंच आलं होतं. नवरा-बायको भाड्याच्या जागेत राहत होते, फ्लॅट शेजारच्याच गल्लीत तयार होत होता. बायकोने फोन केला होता आणि बिल्डरचा नकाशा पाठवला होता, तोपर्यंत आपण दोघांनाही पाहिलेलं नव्हतं. तुम्हाला तेव्हा जिन्याच्या पायऱ्याही धड दिसत नव्हत्या. तुम्ही नकाशा माझ्याकडे दिलात आणि म्हणालात, "गुरुवारी चारला जा. ह्या वेळी तू बघ. मी तुझ्या डोळ्यांनी बघेन." इतकी वर्षं मी फक्त शेजारी उभी राहत होते, पहिल्यांदाच तुम्ही मला एकटीला पाठवत होतात. आणि मुलाखतही गुरुवारी चारला होती.

मी कॅम्पात गेले. कोथरूडला फोन करून पुढची वेळ मागून घ्यावी, तर तेही केलं नाही, कारण मग तुम्हाला कळलं असतं. मुलाखतीला दाखवायचं काम म्हणून मी तेच स्वयंपाकघर क्लासच्या कॉम्प्युटरवर करून नेलं होतं, बिल्डरच्या नकाशावरून, मनाने. काळा ग्रॅनाइट, वर फिक्या रंगाची कपाटं, ओट्याची उंची पुस्तकात असते तेवढी. त्यांना आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी बसले आणि त्याचं रफ काढलं. म्हणजे आधी फायनल, मग रफ. प्रिंट खिडकीच्या काचेवर धरला, वर पाठकोरा कागद ठेवला आणि रेघा उतरवल्या. फार सरळ आल्या, म्हणून दुसऱ्या कागदावर हात मुद्दाम हलवत पुन्हा काढल्या. दोन रेघा चुकवल्या आणि तुमच्यासारख्या शेजारी दुसऱ्या ओढल्या. ओट्यापुढे एक बाई काढली, साडीतली, लांब वेणीची, आणि तिच्या हातांची वळणं अंदाजाने फिरवली. साखरेपाशी एक गोल. एवढं करून समाधान झालं नाही, म्हणून चहाच्या कपाचं बूड ओलं केलं आणि कागदाच्या कोपऱ्यावर टेकवलं. आई भाकरी थापता थापता बघत होती. "चांगला चहा हाय की त्यो. कागदाला कशापायी पाजतीस?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." तिला मी असं कधी बोलत नव्हते, त्या दिवशी बोलले.

ऑफिसात तुम्ही कागद नाकाशी धरलात, खिडकीपाशी नेलात. एक डोळा पट्टीखाली, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू. रेघा तुम्हाला किती दिसल्या असतील देव जाणे, पण कपाचा डाग दिसला. "सांडलास वाटतं. बरंय, म्हणजे प्यालीस तरी. कसा होता?" मी म्हटलं, "जरा गोड होता." तुम्ही हसलात. कागदाच्या कोपऱ्यात तुम्ही तुमची सही केलीत, आणि बाई, खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं.

त्यावरून ड्रॉइंग झालं, सुतार लागला. साइटवर मी जायची तेव्हा तिथे सुतार आणि गवंडीच असायचे. ते नवरा-बायको रविवारी येऊन बघून जायचे आणि रविवारी मला सुट्टी. ते राहायला आले, आणि महिन्याभराने फोन आला की एकदा येऊन जा. तुम्ही काळा चष्मा लावून माझ्याबरोबर आलात. दार उघडलं एका सहा फुटांच्या गृहस्थांनी. ते घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. बायको एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत, सकाळी सातच्या बसने जायची. ती बाहेर आली, आखूड कापलेल्या केसांची, पंजाबी ड्रेसमधली. माझ्या कागदावरच्या वेणीवाल्या बाईचा तिथे पत्ताच नव्हता. "चहा घेणार ना?" असं म्हणून ते गृहस्थ उठले.

तुम्ही मान वळवून बघितलंत कोण उठलं ते. मला ती मान अजून दिसते आहे. ते ओट्यापुढे कमरेत वाकून उभे, एक हात पाठीवर, पातेल्यात बघताना कपाळ वरच्या कपाटाला टेकतंय. "ओटा सुंदर आहे हो," ते म्हणतात. "फक्त मी त्याला जरा लांब पडतो." बायको हसते. "आमच्याकडे सगळा स्वयंपाक ह्यांचाच. मला आपला गॅस पेटवता येतो. आता ह्यांची पाठ धरते, पोळ्या लाटून झाल्या की तासभर आडवे असतात." माझ्या पायाखाली नवी फरशी होती आणि मी तिचे सांधे मोजत होते. मग तुमचा आवाज आला, अगदी रोजचा. "चूक माझी आहे. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, मी स्वतः बघायला यायला हवं होतं. ओटा आम्ही उंच करून देतो." ती भली बाई म्हणायला लागली, "नाही हो, पण त्या वेळी तुमच्याकडून कोणी आलंच..." आणि तुम्ही तिचं वाक्य मधेच तोडून आत हाक दिलीत, "अहो सर, मला साखर कमी घाला बरं का!" तुम्ही, साखर कमी! तीन चमचे घेणाऱ्या!

रिक्षात बसल्यावर मी वाट बघत होते. तुम्ही कर्वे रस्त्याकडे बघत बसला होतात. नदीवरचा पूल ओलांडल्यावर म्हणालात, "उंच आहेत गृहस्थ." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा नवा गठ्ठा होता आणि वर तुमच्या अक्षरात एक पत्ता. "उद्या चारला. चहा घेऊन ये." मी गेले, चहा घेतला, खरं रफ आणलं. त्यानंतरचं एकही घर मी चुकवलं नाही. पण दोन महिन्यांनी कॅम्पातून नोकरीचं पत्र आलं आणि मी तुम्हाला सोडून गेले. तुम्ही शिफारसपत्र लिहून दिलंत, त्यात एक ओळ होती: हिची नजर चांगली आहे. टोमणा होता की आशीर्वाद, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेले नाही. तुम्ही गेल्याचं मला पेपरातून कळलं, तेही चौथ्या दिवशी. शनिवार पेठेत आले तर वर कुलूप होतं. उदबत्तीवाल्यांनी मला ओळखलं. "या, या. बाई होत्या तोवर जिना चढवत नव्हता वाटतं," असं म्हणून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला पुडा बांधून दिला. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

आता मी खराडीला असते, काचेच्या इमारतीत. स्वयंपाकघरं सुटली, आम्ही कॉम्प्युटरचे पडदे डिझाइन करतो, दवाखान्यातल्या, बँकेतल्या माणसांना वापरायचे. पोरं हुशार आहेत, पण हातात आधी माउस येतो. मी त्यांना पाठकोरे कागद देते आणि सांगते की आधी त्या माणसाशेजारी दिवसभर बसून या आणि पेन्सिलने गिचमिड करून आणा. ते मागे मला नावं ठेवतात, ते मला ठाऊक आहे. गेल्या सोमवारी टीममधल्या एका मुलीने दवाखान्याच्या केसपेपर खिडकीचं रफ आणून दिलं. छान होतं. फारच छान. एकही रेघ काही शोधत नव्हती. सगळ्या रेघांना आधीच पत्ता माहीत होता. मी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "गेली नाहीस ना?" ती पांढरी पडली. मग म्हणाली, "सॉरी मॅम. गेटपर्यंत गेले होते. पण आत जाऊन लोकांकडे नुसतं बघत बसायचं म्हणजे मला इतकं ऑकवर्ड वाटलं ना, मी परतच आले." थोडी रडली, मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो आणि त्या खिडकीमागे सहा तास बसलो. आदल्या दिवशीचं आमचं ते बोलणं सगळं मिळून पाच मिनिटांचं.

पाच मिनिटं, बाई! तेव्हापासून मी तुमच्यावर चिडले आहे. ओटा पुन्हा केला, त्यांची पाठ वाचली, ते ठीक. पण मला का नाही विचारलंत? रिक्षात, पुलावर, नंतरच्या दोन महिन्यांत कधीही, एकदा नुसतं "गेली नव्हतीस ना?" एवढं म्हणायचं होतं. मीही रडले असते, मोकळी झाले असते, कदाचित तुम्हाला सोडून गेलेच नसते. इतकी वर्षं तुमच्या गप्प बसण्याचं ओझं मी वागवलं, त्याची जबाबदारी थोडी तुमचीही आहे, असं भांडायला म्हणून मी हे पत्र लिहायला घेतलं. कुठे टाकायचं नाहीच आहे, त्यामुळे भांडणही एकतर्फी. पण इथवर आल्यावर आता मला तो कोथरूडचा जिना आठवतो आहे. तुम्ही कठड्याला धरून पुढे उतरत होतात, मी मागे होते. तीन मजले. तेवढ्यात मी उत्तर तयार केलं होतं: "गेले होते बाई, पण ते गृहस्थ घरी नव्हते, त्यांच्या बहिणीने चहा केला." वेणी लांब होती तिची, हेसुद्धा सांगणार होते. रिक्षात बसले तेव्हा ते वाक्य मला पाठ झालं होतं. तुम्ही विचारलं असतंत, तर मी तेच म्हटलं असतं.